'बीम बदलायला लागणारा वेळ नगण्य' : एका गृहीतकाची झाडाझडती

मिलिमीटर वेव्हवरचे पेपर वाचायला लागलात की 'सिस्टिम मॉडेल' या भागात एक वाक्य हमखास भेटतं: बीम बदलायला लागणारा वेळ नगण्य मानला आहे. पहिल्या वर्षी मी ते कितीतरी वेळा वाचलं आणि एकदाही थांबले नाही. दुसऱ्या वर्षी तेच वाक्य माझ्या रिपोर्टमध्ये गेलं. प्रश्न असा, की हे वाक्य नेमक्या कोणत्या वेळेबद्दल बोलतंय?

आधी थोडी पार्श्वभूमी. २४ गिगाहर्ट्झच्या वर सिग्नल लवकर क्षीण होतो, म्हणून अनेक अँटेना एकत्र वापरून ऊर्जा एका अरुंद झोतात पाठवावी लागते. हा झोत म्हणजे बीम. नाटकातला स्पॉटलाइट डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच, की इथे समोरच्या फोनलाही आपला 'कान' त्या दिशेला वळवावा लागतो.

आता 'वेळ' म्हणजे काय ते पाहू. इथे एक नाही, तीन वेळा आहेत.

पहिली हार्डवेअरची. फेज शिफ्टरची मांडणी बदलून झोत वळायला लागणारा वेळ. बेस स्टेशनसाठी सुमारे १०० नॅनोसेकंद हा आकडा अभ्यासात सर्रास धरला जातो.

दुसरी फोनची. 'पुढचा डेटा अमुक बीमवर येतोय' हा निरोप आधी डीकोड करायचा, मग वळायचं. ५जीमध्ये १२० किलोहर्ट्झ सबकॅरियर स्पेसिंगला फोन आपली क्षमता १४ किंवा २८ सिम्बॉल अशी कळवतो. म्हणजे ०.१२५ किंवा ०.२५ मिलिसेकंद. डेटा त्याआधीच आला, तर फोन ठरलेल्या डिफॉल्ट बीमवरच ऐकत राहतो.

तिसरी निर्णयाची. मोजमाप, रिपोर्ट, मग बेस स्टेशनचा आदेश. हा आदेश मॅक लेयरवरून आला, तर फोनने 'पोचला' म्हटल्यानंतरही तो लागू व्हायला निदान ३ मिलिसेकंद जातात.

स्पॉटलाइटच्या भाषेत: दिवा वळणं, क्यू ऐकून समजणं आणि पुढचं वाक्य कोणाचं हे ठरवणं. दिवा कितीही चपळ असो, क्यू उशिरा मिळाला तर उजेड रिकाम्या रंगमंचावरच पडणार.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. अनेक पेपर पहिल्या वेळेचा आकडा दाखवून तिसऱ्या वेळेवर चालणाऱ्या अल्गोरिदमचं समर्थन करतात. अल्गोरिदम दर स्लॉटला, म्हणजे ०.१२५ मिलिसेकंदाला, नवा बीम 'निवडतो', आणि तळटीप सांगते की हार्डवेअर तर नॅनोसेकंदांत वळतं. वळतं, खरंच वळतं! पण ती निवड फोनपर्यंत पोचवली कोणी?

हे माझ्याच सिम्युलेशनमध्ये लक्षात आलं तेव्हा मी घाबरून उलट टोक गाठलं. प्रत्येक बदलामागे ०.२५ मिलिसेकंद सरळ वजा केले. दर स्लॉटला बीम बदलला तर दोन स्लॉट थांबायचं आणि एक वापरायचा, म्हणजे दोन-तृतीयांश वेळ पाण्यात. अख्खं प्रकरण कोसळलं. मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "त्या दोन स्लॉटमध्ये हवेत काय चाललंय?"

उत्तर सोपं होतं. दुसऱ्या कोणाचा तरी डेटा! एक फोन वळायच्या तयारीत असताना शेड्युलर तो वेळ दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे ही वेळ बहुतेकदा विलंब असते, वाया गेलेली वेळ नव्हे. हा माझा दुसरा आक्षेप, आणि तो 'काटेकोर' म्हणवणाऱ्या पेपरांवर आहे: ते विलंबाची किंमत थ्रूपुटच्या खात्यात टाकतात. एकच वापरकर्ता असेल, किंवा डेटाला घाई असेल, तर हा विलंब खरोखर बोचतो. भरलेल्या सेलमध्ये तो बराचसा झाकला जातो. गृहीतक बरोबर की चूक, हे लोडवर अवलंबून आहे.

मग नॅनोसेकंदांची काळजी सोडून द्यायची का? तेही नाही. १२० किलोहर्ट्झला सायक्लिक प्रीफिक्स सुमारे ०.५९ मायक्रोसेकंदाचा असतो. १०० नॅनोसेकंद त्यात आरामात मावतात, म्हणून तिथे शोधासाठीचे दोन सिंक सिग्नल ब्लॉक वेगळ्या बीमवर असूनही पाठोपाठ ठेवता येतात. पण रिलीज १७ मध्ये ५जी ७१ गिगाहर्ट्झपर्यंत गेलं आणि ९६० किलोहर्ट्झ स्पेसिंग आलं. तिथे प्रीफिक्स उरतो अवघा ७३ नॅनोसेकंदांचा. १०० त्यात कसे मावणार? तिथल्या मांडणीत एका स्लॉटमधल्या दोन ब्लॉकमध्ये तीन सिम्बॉलची मोकळी जागा आहे, आणि बीम बदलण्याची वेळ हे त्यामागचं एक कारण. 'नगण्य' हा शब्द स्पेसिंग बदललं की खोटा ठरू शकतो.

एक गोष्ट मात्र या पेपरांच्या बाजूने सांगायला हवी. सोपं गृहीतक धरणं हा गुन्हा नाही. नवी कल्पना एकटी तपासायची तर बाकीचं गोठवावंच लागतं. तक्रार एवढीच, की निष्कर्ष लिहिताना ते गोठवलेलं विसरलं जातं आणि 'प्रत्यक्ष प्रणालीत वापरता येईल' असं वाक्य बिनधास्त येतं.

तेव्हा पुढचा पेपर वाचताना तीन प्रश्न समासात लिहून ठेवा. तीनपैकी कोणती वेळ शून्य धरली आहे? ती विलंब म्हणून मोजायला हवी की वाया गेलेली वेळ म्हणून? स्पेसिंग आणि वापरकर्त्यांची संख्या बदलली तर निष्कर्ष टिकतो का? आपल्याकडे २०२२ च्या लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही होता, त्यामुळे हे प्रश्न फक्त कागदावरचे नाहीत.

माझं प्रकरण पुन्हा उभं राहिलं. फायदा आधीच्या आलेखापेक्षा कमी आहे, पण आता तो कुठे मिळतो आणि कुठे नाही, हे मला सांगता येतं. व्हायव्हाला विचारतील ते हेच.