गुण, द्रव्य आणि ‘अ‍ॅटर्स’

पायथन या संगणकभाषेत वस्तूचे गुणधर्म नोंदवावयाचे, तर रचनाविधीत एकेका गुणधर्माचे नाव तीन-तीनदा लिहावे लागते. हिनेक श्लावाक यांनी २०१५ मध्ये सिद्ध केलेल्या ‘अ‍ॅटर्स’ या छोट्या लायब्ररीने हा पुनरुक्तिदोष दूर केला. गुणधर्म एकदा घोषित करावेत. वस्तूची उभारणी, तिचे छापील रूप आणि दोन वस्तूंची तुलना यांचे लेखन लायब्ररी स्वतःच करते. २०१८ मध्ये पायथनच्या ३.७ आवृत्तीत आलेला ‘डेटाक्लासेस’ हा विभाग पुष्कळ अंशी याच वाटेने गेला.

प्रारंभीची नावे मात्र कोटीच्या आहारी गेली होती. ‘अ‍ॅटर’पुढे टिंब देऊन ‘एस’ किंवा ‘आयबी’ : सलग वाचल्यास शब्द, सुटी घेतल्यास निरर्थक अक्षरे. २०२० मध्ये ‘डिफाइन’ व ‘फील्ड’ ही सरळ नावे आली, हे उचितच झाले.

‘डिफाइन’ म्हणजे लक्षण सांगणे. आणि खरा प्रश्न येथेच उद्भवतो. भिवंडीच्या यंत्रमागावर विणलेले दोन तागे घ्यावेत. लांबी, पन्हा, सुताचा नंबर, सर्व एकच. पायथनचा साधा वर्ग, तुलनेचा नियम वेगळा न सांगितल्यास, त्यांना भिन्न मानतो. ‘अ‍ॅटर्स’ मात्र वर्ग एक व गुणधर्म समान असता त्यांना समान ठरविते. दरपत्रकापुरते हे योग्यच आहे. परंतु गोदामाच्या यादीतून दुसरा, डागाळलेला तागा वगळण्याची आज्ञा दिली आणि डागाची नोंद गुणधर्मांत नसली, तर पायथन समान दिसणारा पहिलाच तागा वगळील. चूक कोठेही दर्शविली जाणार नाही.

वैशेषिकांना ही अडचण परिचित होती. समान गुणांचे दोन परमाणू भिन्न कशाने, याच्या उत्तरासाठी त्यांनी ‘विशेष’ हा स्वतंत्र पदार्थ मानला. ‘अ‍ॅटर्स’च्या मूळ व्यवस्थेत त्याला स्थान नाही. गुण बदलू शकतील अशी वस्तू कोशाची किल्ली होऊ शकत नाही, हा तिचा निर्बंध सुसंगत आहे. पण तो यादीला लागू पडत नाही.

उपाय दोन. ताग्याला अनुक्रमांक हा आणखी एक गुणधर्म द्यावा, किंवा गुणाधिष्ठित तुलना बंद करावी. तशी सोय लायब्ररीत आहे. पहिला उपाय व्यवहारात सोपा खरा, परंतु अनुक्रमांक हा कापडाचा गुण नसून गुणाच्या वेषात आलेला ‘विशेष’च होय. दुसरा अधिक प्रामाणिक आहे, आणि ग्रंथपरिचयांत त्याचा उल्लेख याहून आधी यावयास हवा.