राज जैन यांचा न्याय्यता-निर्देशांक : एक चिकित्सा

संगणक जालातील कोंडीचा प्रश्न हा मूलतः वाटपाचाही प्रश्न आहे, ही जाणीव राज जैन यांच्या संशोधनात प्रारंभापासून आढळते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये कार्यरत असताना त्यांनी च्यू आणि हॉ या सहकाऱ्यांसमवेत १९८४ मध्ये न्याय्यता-निर्देशांक मांडला. सर्वांच्या वाट्यांच्या बेरजेचा वर्ग करावा. वाट्यांच्या वर्गांच्या बेरजेला वापरकर्त्यांच्या संख्येने गुणून त्या गुणाकाराने त्यास भागावे. उत्तर १ आले की वाटप पूर्णतः समान. दहांपैकी दोघांनीच सर्व बँडविड्थ समसमान घेतली तर उत्तर ०.२ येते. मापनाचे एकक बदलले तरी उत्तर बदलत नाही. हे सूत्र आजही रूढ आहे, याचे श्रेय या सुबोधतेला द्यावे लागते.

च्यू व जैन यांच्या १९८९ मधील निबंधाने पुढचा टप्पा गाठला. कोंडी नसताना प्रत्येकाने आपला वेग ठरावीक मात्रेने वाढवावा आणि कोंडी होताच ठरावीक पटीने घटवावा, असे हे तत्त्व आहे. एकाचा वेग ८ व दुसऱ्याचा २ असेल, तर दोघांनी १ वाढवल्यास फरक ६ च राहतो. दोघांनी निम्मे केल्यास मात्र तो ३ होतो. प्रत्येक कोंडीगणिक विषमता घटत जाते. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली विद्यापीठ यांमधील वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळल्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायातही हेच तत्त्व होते. तथापि, च्यू-जैन यांच्या प्रतिमानात कोंडीची सूचना सर्वांना एकाच वेळी मिळते, असे गृहीत आहे. प्रत्यक्षात ज्याच्या पॅकेटची पोच उशिरा परतते, त्याचा वेग सावकाश वाढतो; दूरचा वापरकर्ता मागे पडतो.

निर्देशांकाची खरी मर्यादा याहून गंभीर आहे. दहांपैकी नऊ जणांना समान वाटा मिळाला आणि दहाव्यास काहीच मिळाले नाही, तरी उत्तर ०.९ येते. शोधनिबंधातील कोष्टकात हा आकडा समाधानकारक दिसतो. वंचित राहिलेला दहावा त्यात कोठेच दिसत नाही. मूळ अहवालाच्या शीर्षकात 'न्याय्यता' या शब्दासोबत 'भेदभाव' हाही शब्द होता. पुढील अभ्यासकांनी पहिलाच तेवढा उचलला, असे म्हणावेसे वाटते. शिवाय सर्वांना सारखेच अत्यल्प मिळाले तरी उत्तर १ येते. एककनिरपेक्षतेचा गुण येथे दोष ठरतो.

वाटा कोणाचा मोजावयाचा, हा प्रश्न तर सूत्राच्या बाहेरच राहतो. जोडणीगणिक समान वाटा दिल्यास एकाच वेळी दहा जोडण्या उघडणाऱ्यास एक जोडणी उघडणाऱ्याच्या दहापट मिळते आणि निर्देशांक १ च राहतो. बॉब ब्रिस्को यांनी २००७ मध्ये जोडणीनिहाय समतेच्या कल्पनेवर कठोर टीका केली, ती यामुळेच. त्याआधी १९९८ मध्ये फ्रँक केली व सहकाऱ्यांनी प्रमाणशीर न्याय्यतेची मांडणी करून वाटपाचा संबंध वापरकर्ता मोजण्यास तयार असलेल्या किमतीशी जोडला होता. त्यात समतेची जागा मोबदल्याने घेतली.

या त्रुटीचा सर्व दोष जैन यांच्याकडे जात नाही. कोणती राशी मोजावी, याची निवड त्यांच्या अहवालाने उपयोगानुसार खुली ठेवली होती. ती निवड न सांगता केवळ आकडा छापण्याची प्रथा नंतरची आहे. निर्देशांकाशेजारी सर्वांत लहान वाटाही नोंदवला, तर ०.९ मागचा दहावा वापरकर्ता निदान कोष्टकात तरी दिसेल.