केहिमकरांचा बेने इस्राएलांचा इतिहास

पनवेलचें बेथ एल प्रार्थनामंदिर १८४९ सालचें. तें पाहतांना, हे बेने इस्राएल कोंकणांत कधीं व कसे आले, हा प्रश्न सहजच मनांत येतो. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्याचें सविस्तर उत्तर दिलें आहे. ग्रंथ १८९७ सालीं लिहिला गेला. छापला गेला मात्र १९३७ सालीं, तेल अवीव येथें, ग्रंथकर्त्याच्या पश्चात्.

कथा अशी : अँटायोकस राजाच्या धर्मच्छळाच्या काळीं, म्हणजे ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास, कांहीं कुटुंबें स्वदेश सोडून समुद्रमार्गें निघालीं. अलिबागेजवळ नवगांवीं गलबत फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, धर्मग्रंथ बुडाले.

हें वाचतांना आम्हांस १६२० सालीं 'मेफ्लॉवर' जहाजानें अमेरिकेस गेलेल्या इंग्रज धर्मपंथीयांचें स्मरण झालें. परंतु त्यांच्यांतील ब्रॅडफर्डनें आपला वृत्तांत स्वतः लिहून ठेविला. केहिमकरांपाशीं होती ती केवळ मुखपरंपरा. तीस सनाची जोड देण्याचा मोह त्यांस आवरला नाहीं. शिवाय चित्पावनांची प्रचलित दंतकथाही समुद्रानें किनाऱ्यास लावलेल्या चौदा प्रेतांचीच आहे. तेव्हां हा चौदांचा आंकडा एका समाजाची आठवण, कीं साऱ्या किनाऱ्याची कथा सांगण्याची रीत, अशी शंका येते.

मग ग्रंथ टाकाऊ काय? मुळींच नव्हे. स्वजातीच्या चालीरीती सांगतांना केहिमकरांची लेखणी खरी भरंवशाची होते. तेल गाळणें हा या लोकांचा धंदा. शनिवारीं घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. ग्रंथ बुडाले, भाषा मराठी झाली, गांवावरून पेणकर, केहिमकर अशीं आडनांवें पडलीं. तरी आठवड्याची एक दिवसाची कमाई त्यांनीं पिढ्यान् पिढ्या सोडली. याहून बळकट पुरावा कोणता?

तरी पुरावा मागणारे भेटलेच. इस्राएलांत गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहप्रसंगीं तेथील धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या यहुदीपणाविषयीं शंका काढल्या. बरीच चळवळ झाल्यावर १९६४ सालीं तेथील लोकसभेनें ते सर्वार्थानें यहुदी असल्याचें जाहीर केलें. हें ध्यानीं घेतलें म्हणजे केहिमकरांचा सनाचा हव्यास क्षम्य वाटूं लागतो. ज्यास वारंवार 'तूं कोण?' असें विचारलें जातें, तो तारीख शोधणारच. वाचकांनीं मात्र त्यांचें उत्पत्तिप्रकरण दंतकथा म्हणून वाचावें, आणि बंद घाण्याचें प्रकरण इतिहास म्हणून.