रहस्य कुणापासून लपवायचं?

फ्रेडरिक फॉर्साइथनं ‘द डे ऑफ द जॅकल’ लिहून प्रकाशकांकडे धाडली, तेव्हा ती एकामागून एक परत आली. कारण उघड होतं. कादंबरी फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या हत्येच्या कटाची, आणि द गॉल यांची हत्या झालेली नाही हे सगळ्या जगाला माहीत. शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट कोण वाचणार? १९७१ साली ती अखेर छापली गेली आणि तेव्हापासून वाचली जाते आहे. खपाच्या याद्यांवर झळकणारे थ्रिलर त्या लोकप्रियतेला पात्र असतात का, हा वाद निघाला की मला या पुस्तकापासून सुरुवात करावीशी वाटते. कारण प्रकाशकांचा अंदाज जिथे चुकला, तिथेच या साहित्यप्रकाराचं मर्म आहे.

फॉर्साइथ वाचकापासून फारसं काही लपवत नाही. जॅकल हा मारेकरी कुणी नेमला, किती पैशांवर नेमला, त्यानं खोटं पारपत्र कसं मिळवलं, हे सगळं तो सांगतो. लहानपणीच वारलेल्या एका मुलाचं नाव थडग्यावरून उचलायचं, त्याचा जन्मदाखला काढायचा आणि त्या दाखल्यावर पारपत्रासाठी अर्ज करायचा. ही युक्ती त्या काळी ब्रिटनमध्ये खरोखर चालत होती. दुसऱ्या बाजूला क्लोद लेबेल हा साधा, दबलेला, चिकाटीचा पोलिस अधिकारी हॉटेलांतली नोंदणीकार्डं चाळत बसलेला असतो. दोघांच्या चाली आपल्याला दिसतात, त्यांना मात्र एकमेकांच्या दिसत नाहीत. जॅकलनं सोडलेल्या खोलीत लेबेल पोहोचतो तेव्हा मधे किती तासांचं अंतर उरलं, एवढ्यावर वाचकाचा श्वास अडकतो. द गॉल वाचणार हे माहीत असूनही अडकतो.

हे साधलं ते केवळ हातोटीनं नाही. फॉर्साइथ साठच्या दशकाच्या सुरुवातीला रॉयटर्सचा वार्ताहर म्हणून पॅरिसमध्ये होता. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पती-क्लामार इथे द गॉल यांच्या मोटारीवर गोळीबार झाला, आणि त्या कटाचा सूत्रधार बास्तियां-तिरी याला मार्च १९६३ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. कादंबरी या खऱ्या घटनांपासून सुरू होते आणि कल्पनेत कधी शिरते ते कळतही नाही. ती आपण पस्तीस दिवसांत लिहिली, असं तो सांगत असे. पण त्या पस्तीस दिवसांच्या पाठीशी बातमीदारीची वर्षं होती.

आता डॅन ब्राउनचं ‘द दा विंची कोड’ घ्या. २००३ साली आलेल्या या पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या, मराठीतही ते आलं आणि आवडीनं वाचलं गेलं. शंभरावर छोटी प्रकरणं, एका रात्रीत सुरू होणारा पाठलाग, लूव्र संग्रहालय, चर्चची गुपितं. वेग आहे, हे मान्यच करायला हवं. पण तो वेग कसा साधला आहे? पात्राला काहीतरी दिसतं, ते हादरतं आणि प्रकरण संपतं. पात्राला जे दिसलं ते वाचकाला मात्र पुढच्या, नाहीतर त्याच्याही पुढच्या प्रकरणात कळणार. आपण ज्याच्या डोळ्यांनी बघतो आहोत त्याचेच डोळे लेखक हातानं झाकतो. हे रहस्य नव्हे, ही अडवणूक आहे. ती एकदोनदा खपते, पण पुस्तकभर चालली की वाचकाला नुसतं पुढे ढकललं जातं, त्याच्या हाती काही लागत नाही.

आणि त्याहून गंभीर आक्षेप पहिल्याच पानावर आहे. तिथे ‘वस्तुस्थिती’ म्हणून सांगितलं आहे की ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ साली स्थापन झालेली खरी गुप्त संघटना आहे. प्रत्यक्षात प्येर प्लांतार नावाच्या माणसानं १९५६ साली फ्रान्समध्ये त्या नावाची संस्था नोंदवली आणि तिचा प्राचीन इतिहास रचला. कादंबरीकारानं काहीही कल्पावं, तो त्याचा हक्क आहे. पण थ्रिलरचा वाचक फक्त थरारासाठी येत नाही, जग आतून कसं चालतं हे कळावं म्हणूनही येतो. त्याच्या या भुकेला बनावट माहिती वस्तुस्थिती म्हणून वाढणं मला अक्षम्य वाटतं. पुस्तकाची लोकप्रियता त्या खऱ्या भुकेची साक्ष देते, पुस्तकाच्या गुणवत्तेची नाही.

गंभीर समीक्षकांनी मात्र चांगलं-वाईट न निवडता सगळा प्रकारच झटकून टाकला. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यानं १९४५ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये लिहिलेल्या लेखाचं शीर्षकच असं होतं की रॉजर अ‍ॅक्रॉइडला कुणी मारलं याची पर्वा कुणाला? शीर्षकातला उल्लेख अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या कादंबरीचा होता. तिनं वाचकाला फसवलं, असा आरोप तेव्हाही झाला होता. पण ती पुन्हा वाचून बघा. निवेदक एकही वाक्य खोटं बोलत नाही. काही मिनिटांचा हिशेब तो देत नाही, आणि ती फट ख्रिस्ती आपल्या डोळ्यांसमोर उघडी ठेवते. न बघण्याची चूक आपली असते. विल्सनला हा न्याय दिसला नाही, कारण तो शोधायचाच नव्हता.

जॉन ल कारेनं १९६३ मध्ये वाट आणखी पुढे नेली. त्याच्या बर्लिनच्या कादंबरीत लीमस हा हेर आपण शत्रूला फसवतो आहोत असं समजतो, आणि त्यालाच त्याच्या वरिष्ठांनी फसवलेलं असतं. वाचकाला सत्य कळतं ते लीमसच्या सोबतच, आणि ते कळणं हाच नैतिक हादरा ठरतो. जपानमध्ये केइगो हिगाशिनोनं २००५ साली ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’मध्ये खून कुणी केला हे सुरुवातीलाच दाखवून टाकलं, तरी शेवटाला वाचक चकित होतो. त्या पुस्तकाला नाओकी पुरस्कार मिळाला, म्हणजे तिथल्या साहित्यव्यवहारानं या प्रकाराला उंबऱ्याबाहेर ठेवलं नाही.

गेल्या दीड दशकात थ्रिलर घरात शिरला: नवरा-बायको, शेजारी, फसवं निवेदन. गिलियन फ्लिनच्या ‘गॉन गर्ल’मधली (२०१२) खोटी रोजनिशी मला मान्य आहे, कारण कथेतल्या एका माणसानं ती पोलिसांना फसवण्यासाठीच लिहिलेली असते, खोटं बोलण्याचं कारण कथेच्या आत आहे. त्यानंतर आलेल्या लाटेत दारूची गुंगी, विस्मरण, औषधं ही कारणं साच्यातून काढावीत तशी येऊ लागली. पात्राला आठवत नाही, म्हणून लेखकाला सांगावं लागत नाही. ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मध्ये (२०१५) निदान त्या विस्मरणात एका बाईचं दुःख आहे, तिच्या मागोमाग आलेल्या बहुतेकींत नुसती सोय आहे.

आपल्याकडे काय झालं? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांचा आकडाही तसाच. झुंजार, काळापहाड या नायकांची नावं वाचनालयांतून घरोघरी गेली, आणि वाचनाची गोडी लागली ती या पुस्तकांमुळे, असं सांगणारी माणसं आजही भेटतात. सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन असे नायक उभे केले, पण ‘दुनियादारी’मुळे मिळालेला मान त्यांच्या रहस्यकादंबऱ्यांच्या वाट्याला आला नाही. मराठी समीक्षेनं या मंडळींची नोंद घेतली ती बहुधा संख्येपुरती. कोणती कादंबरी चांगली बांधली आहे, कोणती घाईत उरकली आहे, हे कुणी नीट सांगितलंच नाही. त्यामुळे चांगल्याचा सन्मान झाला नाही आणि भरताडाला कुणी अडवलं नाही. पुढच्या लेखकाला शिकायला काही राहिलं नाही. आज दुकानात थ्रिलरच्या फळीवर अनुवादांचीच गर्दी दिसते.

सामग्रीचा मात्र तुटवडा नाही. सातबारावरची नोंद कशी बदलते, सहकारी बँक आतून कशी पोखरली जाते, साखर कारखान्याच्या निवडणुकीत पैसा कुठून येतो, हे ज्यांना माहीत आहे असे तलाठी, वकील, पत्रकार तालुक्यातालुक्यात आहेत. तेलगीचं प्रकरण बघा. नाशिकच्या सरकारी छापखान्यातून निकालात काढलेली यंत्रं, त्यावर छापलेले बनावट मुद्रांक, ते विकणारं राज्याराज्यांतलं जाळं. त्याला शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये कैदेत असतानाच तो मरण पावला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावर पुस्तक निघालं, मालिका आली. पण ते यंत्र छापखान्याच्या फाटकाबाहेर पडलं त्या दिवशी कागदावर सही करणारा कारकून, त्याच्या टेबलावर आलेली फाइल, त्याला आलेली शंका आणि ती त्यानं गिळण्याचं कारण, हे दाखवणारी मराठी कादंबरी मला अजून वाचायची आहे.