खलनायकाविना संघर्ष : माणदेश आणि वारणाकाठची कथा

कथेतल्या पात्राची भूमिका संघर्षातून ठरते. एकाला काही हवे असते आणि त्याच्या आड काही येते. आड येणारा दुष्ट माणूसच असला पाहिजे, असा दंडक नाही. अलीकडच्या ग्रामीण कथेने मात्र तो घालून घेतला आहे. गरीब शेतकरी, टग्या सरपंच, डोक्यावर कर्ज आणि शेवटच्या परिच्छेदात दोर किंवा औषधाची बाटली, हा साचा दिवाळी अंकांतून इतका रुळला आहे की दुसऱ्या पानावरच शेवट कळतो. सांगली-सातारा पट्ट्यातल्या कथेने तरी त्यात अडकायला नको होते.

या पट्ट्यातला पहिला धडा व्यंकटेश माडगूळकरांचा. ‘माणदेशी माणसं’ (1949) मधल्या धर्मा रामोशाला वैरी नाही. त्याच्या अंगावर धड कपडा नाही, म्हणून त्याला धोतर मिळते. तरी तो चिंध्यांतच फिरतो, कारण ते धोतर घरी लेक नेसली आहे. देणारा भला, घेणारा भला, लेकही निर्दोष. संघर्ष तेवढ्या एका वस्त्रात मावतो आणि वाचकाला राग काढायला कुणी सापडत नाही.

अण्णा भाऊ साठे माडगूळकरांच्याही पुढे जातात. वाटेगावात 1920 साली जन्मलेल्या या लेखकाच्या ‘फकिरा’ या कादंबरीचा गवगवा झाला, पण कथालेखनाच्या दृष्टीने ‘स्मशानातील सोनं’ अधिक कसदार आहे. वारणाकाठचा धिप्पाड भीमा मुंबईत पोटासाठी येतो. खाण बंद पडते आणि तो प्रेतांच्या अंगावरचे सोने काढू लागतो. रूढ अर्थाने तो नायक नव्हे, कारण तो मढी उकरतो. खलनायकही नव्हे, कारण घरची चूल त्या सोन्यावर पेटते. अंधारात त्याची झुंज कोल्ह्यांशी लागते. दोघेही भुकेले, दोघांनाही तेच मढे हवे. प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे तो कायमची गमावतो, आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. खाणीचा मालक कथेत समोर उभा राहत नाही. तो आला असता तर त्याला दोन शिव्या हासडून वाचक मोकळा झाला असता.

आटपाडीच्या शंकरराव खरातांकडे भूमिका जन्मानेच वाट्याला येते. त्यांच्या आत्मकथनात, ‘तराळ अंतराळ’मध्ये, विहिरीतल्या मढ्याची राखण वडिलांच्या गळ्यात पडते. हुकूम शिपायाचा असला तरी बळ गावगाड्याचे आहे. चारुता सागरांच्या ‘दर्शन’मध्ये देवाला सोडलेल्या माणसाची कोंडी आहे, 2009 च्या ‘जोगवा’ चित्रपटाला या कथेचाही आधार आहे. इथे माणसाला बांधून ठेवणारी श्रद्धा घरादाराला प्रिय असते, म्हणून ती तोडणे कठीण.

संघर्ष हाताळण्याच्या बाकीच्या तऱ्हा इथवर पोहोचत नाहीत. ना. सी. फडके यांचे तंत्र गुंता घालून सोडवण्यापुरते. खांडेकरांची रूपककथा बोधापाशी थांबते. मिरासदार-शंकर पाटलांच्या कथाकथनाची नक्कल करणाऱ्यांनी तर ग्रामीण माणसाला हशाचा धनी करून टाकले.

आजच्या लेखकाकडे सामग्री कमी नाही. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी आटपाडी-खानापूरपर्यंत चढवले. जिथे दुष्काळ सगळ्यांचा सारखा होता, तिथे आता पाटाच्या पाळीवरून भाऊबंद समोरासमोर येतात. डाळिंबाच्या बागा आल्या, बागांबरोबर कर्जे आणि रोगही आले. विटा-खानापूरकडची माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी भारतभर पांगली. गावात बंगले उभे राहिले आणि आत म्हातारी माणसे उरली. या घरांतला कलह कुणाच्याही वाईटपणाशिवाय पेटतो. तो सोडून भेगाळलेली जमीन आणि सावकार रंगवत बसणे ही वास्तवनिष्ठा नव्हे, आळस आहे.

शेतकऱ्याचा कैवार घ्यायचा तर वैरी दाखवावाच लागतो, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकत नाही. सरपंच दुष्ट ठरला की त्याला निवडून देणारे गाव सुटते, त्याच्याकडून दाखला आणणारा नातेवाईक सुटतो, स्वस्तात डाळिंब घेणारा शहरी वाचकही सुटतो. अण्णा भाऊंनी भीमाला असा सोयीचा वैरी दिला नाही, म्हणून त्याच्या उपासमारीचा दोष एकट्या मालकावर ढकलता येत नाही. खलनायक उभा करणारी कथा कितीही आक्रोश करो, ती शेवटी वाचकाची सोय पाहते. आणि वाचकाची सोय पाहणाऱ्या कथेने शेतकऱ्याच्या कैवाराचा दावा करू नये.