बाळंत्यातले स्वातंत्र्य

मनुष्याच्या जन्मसिद्ध स्वातंत्र्याची ग्वाही देत रूसोचा ‘सामाजिक करार’ सुरू होतो. व्यासपीठांवरून या ग्वाहीचा उच्चार उठसूट होत असतो. ग्रंथाची पुढची पाने उलटण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही. १७६२ साली हा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी त्याच लेखकाचा ‘एमिल’ही. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

‘एमिल’च्या पहिल्याच भागात नवजात बालक भेटते ते करकचून आवळलेल्या बाळंत्यात. हातपाय हलवण्याचीही त्यास मुभा नाही. कामात गुंतलेली दाई त्याला गाठोड्यासारखे खिळ्याला टांगून ठेवते. नागर मनुष्याचे दास्य येथूनच सुरू होते, असे रूसो बजावतो. मग जन्मतः स्वतंत्र तो कोण? (बाळंत्यावरचा त्याचा राग आम्हांस काहीसा एकांगी वाटतो. लूकच्या शुभवर्तमानातले बाळंते ज्या हातांनी गुंडाळले, ते हात काही बेड्या घालणारे नव्हते. आणि दुपट्यात बांधलेले बाळ शांत निजते, हे आपल्या आज्या जाणतात.)

ही विसंगती वरवरची आहे. ‘करारा’च्या पहिल्या खंडाचे चौथे प्रकरण वाचले म्हणजे रूसोचा रोख उमगतो. बालकाचे परावलंबन तो नाकारीत नाही. कोणीही मनुष्य दुसऱ्याची मालमत्ता म्हणून जन्मास येत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. आणि ते ग्रोशियससारख्या, दास्याला कराराचा आधार शोधणाऱ्या पंडितांविरुद्ध आहे. पित्याने स्वतःला विकले असे क्षणभर धरले, तरी मुलांना विकण्याचा अधिकार त्यास कोठून येणार? मूल जाणते होईपर्यंत त्याच्या हिताचे व्यवहार बापाने करावेत; त्याला कायमचे देऊन टाकता येत नाही. या युक्तिवादाची गरज आपल्याकडेही होतीच. वेठबिगारी रद्द करणाऱ्या १९७६ च्या भारतीय कायद्याला आपल्या व्याख्येत वारशाने आलेले दायित्व आणि विशिष्ट जातीतला जन्म ही दोन्ही कारणे नोंदवावी लागली. आजोबाने घेतलेली उचल नातवाच्या मानेवर!

आमचा आक्षेप ग्रंथकारावर आहे. थेरेज लव्हासरपासून झालेली पाचही मुले रूसोने पॅरिसच्या अनाथालयात सोडली, ही त्याच्या ‘कन्फेशन्स’मधली कबुली. त्या काळी तेथे गेलेली बहुतेक मुले जगत नसत. रूसो स्वतः १७१२ साली जिनेव्हात जन्मला आणि काही दिवसांतच त्याची आई वारली; बापाने व आत्याने त्याला वाढवले. पोरक्या तान्ह्याचे परावलंबन त्याला पुस्तकातून शिकायचे नव्हते. मूल कायमचे देऊन टाकता येत नाही, असे लिहिण्यापूर्वीच तो पाच वेळा ते करून बसला होता. आपण स्वतःला प्लेटोच्या गणराज्याचे नागरिक समजत होतो, असा त्याचा खुलासा आहे. तो आम्हांस पटत नाही.

ग्रंथ निघण्याच्या आदल्या वर्षी, १७६१ साली, त्याची आश्रयदाती मादाम द लक्झेंबर्ग हिने थोरल्या मुलाचा शोध करवला. अनाथालयाच्या दप्तरात त्याचा ठावठिकाणा लागला नाही.