सिसलॉगमधील गांभीर्य-श्रेणी : एक चिकित्सा

बिनतारी जाळ्याचा नियंत्रक आपल्या अखत्यारीतील ॲक्सेस पॉइंटांचा वृत्तान्त सिसलॉगच्या रूपाने अखंड लिहीत असतो. प्रत्येक नोंदीस ० ते ७ यांपैकी एक अंक दिलेला असतो : ० आणीबाणी, १ तातडीचा इशारा, २ अतिगंभीर स्थिती, ३ चूक, ४ सावधगिरीची सूचना, ५ स्वाभाविक परंतु लक्षणीय घटना, ६ माहिती, ७ दोषशोधनाचा तपशील. अंक जितका लहान तितके गांभीर्य मोठे. हा अंक म्हणजे घटनेच्या परिणामाचे मापच होय, अशी समजूत रूढ आहे. ती कितपत ग्राह्य आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

सिसलॉगची निर्मिती एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कली येथे सेंडमेल या टपालप्रणालीसाठी केली. वहिवाट आधी पडली, नियम मागाहून आले. २००१ च्या आरएफसी ३१६४ ने प्रचलित रूढीचे केवळ वर्णन केले. २००९ च्या आरएफसी ५४२४ ने मानक घालून दिले खरे. तथापि श्रेणींचे अर्थ त्यानेही बंधनकारक केले नाहीत. उलट, गांभीर्य ही व्यक्तिसापेक्ष बाब असल्याने सर्व उपकरणे एकच व्याख्या पाळतात असे गृहीत धरू नये, असे त्याच्या परिशिष्टात बजावले आहे.

या इशाऱ्याचे मर्म सिस्कोच्या नोंदींवरून स्पष्ट होते. ‘लिंक-३-अपडाऊन’ ही नोंद जोडणी तुटली तरी उमटते आणि पूर्ववत झाली तरी उमटते. दोन्ही प्रसंगी अंक ३, म्हणजे ‘चूक’! याउलट, कॅटॅलिस्ट ९८०० नियंत्रकावर ॲक्सेस पॉइंट जोडला गेल्याची व तुटल्याची नोंद ५ याच श्रेणीत येते. एखाद्या रुग्णालयाच्या कक्षातील एकमेव ॲक्सेस पॉइंट तुटला, तरी तेथील परिचारिकेची अडचण या अंकात उमटत नाही. उमटतो तो केवळ प्रणालीकाराचा पूर्वनिश्चित अभिप्राय.

व्यवहारातील धोका येथेच आहे. नोंदींचा पूर आवरण्यासाठी व्यवस्थापक मर्यादा ४ वर ठेवतो. त्यामुळे केवळ ० ते ४ याच नोंदी संग्राहकाकडे जातात. जोडणी सुधारल्याची वार्ता ‘चूक’ म्हणून पोहोचते, आणि ॲक्सेस पॉइंट गमावल्याची वार्ता वाटेतच गळून पडते.

म्हणून ही श्रेणी टाकाऊ ठरते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आठ पायऱ्यांची ही चाळण सोपी आहे, स्वस्त आहे, आणि सातव्या श्रेणीचा अनावर लोंढा तिच्यामुळेच रोखला जातो. मात्र चाळणीने तराजूचे काम करू नये. नोंदी सहाव्या श्रेणीपर्यंत संग्रहित कराव्यात आणि कोणत्या नोंदीने माणसाला जागे करावे, हे संग्राहकापाशी, नोंदीचे नाव व स्थळ पाहून, स्वतंत्रपणे ठरवावे. नोंद लिहिणाऱ्याचे मत जरूर विचारात घ्यावे. निर्णय मात्र ज्याला परिणाम भोगावयाचे आहेत त्याच्या बाजूने व्हावा.